करकोच्याची हजेरी

कपाट तीन फूट डावीकडे सरकवायचं होतं. एवढंच. पुढच्या दोन महिन्यांत जे झालं ते आठवायला लागलो की मी या तीन फुटांपाशी येऊन अडतो आणि स्वतःला विचारतो, की बाबा रे, पेपरवर उजेड पडत नव्हता तर तू खुर्ची सरकवायचीस. पण रविवारी सकाळी माणसाला साधं काही सुचत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

मदतीला मेहुणा आला. समोरच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "आधी रिकामं करा, मग सरकवा." वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खास जिना उतरून आले आणि म्हणाले, "अजिबात नको. भरलेलं कपाट तोल सांभाळतं." दोघांशीही आमचे चांगले संबंध आहेत. म्हणून मी मधला मार्ग काढला आणि कपाट अर्धं रिकामं केलं. खालचं अर्धं. त्यानंतर कपाटाने तोल म्हणजे काय ते आम्हाला दाखवलं, आणि मेहुण्याचा घोटा मोडला.

प्लास्टर दोन महिन्यांचं. मेहुणा कॉटवर पडून छताकडे बघत होता. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, हाड जुळतं." तो म्हणाला, "हाडाचं नाही हो भाऊजी, करकोच्याचं काय?"

हे सांगायलाच हवं. आमच्या शहरात बास्केटबॉलचा एक व्यावसायिक संघ आहे. त्याचं नाव करकोचे. लीगमध्ये संघ बारा, आणि आमचा बारावा. संघातले खेळाडू साडेसहा-सात फुटी, पण मैदानाच्या कडेला पंख हलवत नाचणारा जो पिसांचा करकोचा असतो तो पाच फूट चारचा, कारण तो माझा मेहुणा. अकरा वर्षं हंगामी नोकऱ्या करून करून हा मुलगा पस्तिशीला आलेला. यंदा पहिल्यांदाच त्याला कोणीतरी लिहून दिलं होतं की सीझनभर घरच्या मैदानावरच्या एकाही सामन्याला गैरहजर राहिला नाही, तर सीझन संपताच कायम करू. एक खाडा झाला की संपलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने फक्त दोन प्रश्न विचारले. पहिला, "कपाट कोणाला सरकवायचं होतं?" दुसरा, "तुमची उंची किती?"

मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क आहे. माझ्या टेबलासमोर माणसं रडत येतात. कुणाला पहिली मुलगी झालेली असते, कुणाचे वडील गेलेले असतात. अशा टेबलामागच्या माणसाला चेहरा गंभीर ठेवावा लागतो आणि मी तो सत्तावीस वर्षं ठेवलेला आहे. हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "चेहरा कुठे दिसणारेय? आत असतो."

मेहुण्याने कॉटवरूनच हिशेब मांडला. बावीसपैकी तेरा सामने झालेत, त्यातले दोनच जिंकलेत. उरले नऊ, त्यातले घरचे पाच. पहिले आठ संघ पुढच्या फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये जातात, पण त्याचा आपल्याशी काय संबंध. पाच संध्याकाळी, भाऊजी. पाचच. मीही मूर्ख, मला ते पटलं. बाराव्या नंबरच्या संघावर इतका विश्वास टाकणारा माणूस मी एकटाच असेन.

सुटकेचा एखादा मार्ग नियमांतून निघेल अशी मला आशा होती. सरकारी माणूस आहे, नियमांवर माझी श्रद्धा आहे. पण स्टेडियमचे नियम ज्याने केले त्याने माझ्यासाठीच केले असावेत. करकोच्याने आवारात डोकं काढायचं नाही, बोलायचं नाही. पाणी प्यायचं असेल तर मागच्या मीटरच्या खोलीत एकट्याने. आणि ओळखपत्रावर फोटो होता तो करकोच्याचा. पहिल्या दिवशी गेटवरच्या सुरक्षारक्षकाने कार्ड हातात घेतलं, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि म्हणाला, "जरा चोच वर करा." मी केली. त्याने वहीत हजेरी लावली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत इतक्या काळजीने माझी ओळख कोणी पटवली नव्हती.

सामना सहाला असला तरी करकोच्याला तीनला हजर व्हावं लागे. म्हणजे ऑफिसातून दुपारीच निघायचं. आमचे साहेब कडक. हसताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. मी दाताचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "जा. पण उद्या वेळेवर."

आता डोक्याच्या आतली परिस्थिती ऐका. बाहेर बघायला चोचीखाली गळ्यात एक जाळी होती, त्यातून एरवी फक्त जमीन आणि बूट दिसत; मान पार मागे टाकली तरच माणूस दिसे. जमिनीवर चार रंगांच्या रेषा. मी बूट बघत बघत आमच्या बाकाकडे गेलो, मेहुण्याने शिकवल्याप्रमाणे पंख पसरले, गिरकी घेतली आणि थकून टेकलो. ती मांडी विरुद्ध संघाच्या प्रशिक्षकाची होती. ते उठून माझ्यावर जे ओरडले ते पंचाला वाटलं आपल्यालाच. पंचाने शिट्टी मारून त्यांना दंड दिला, आमच्या कप्तानाला एक मोकळी फेक, म्हणजे फ्री थ्रो, मिळाली, आणि आम्ही एका गुणाने जिंकलो.

आमचे प्रशिक्षक धावत आले आणि त्यांनी माझ्या चोचीचा मुका घेतला. म्हणाले, "पुढच्या सामन्यालाही हेच करायचं. अगदी हेच." मी मान हलवली. बोलायची बंदी होती, नाहीतर मी बरंच काही बोललो असतो.

पोशाखाला घामाचा वास येऊ लागला म्हणून बायकोने तो धुऊन गॅलरीत वाळत घातला. पाच फुटी पक्षी दोरीवर उलटा लटकलेला बघून रस्त्यावर माणसं थांबायला लागली. काकू म्हणाल्या, "उन्हात नका घालू, पिसं विटतात." हेडमास्तर म्हणाले, "उन्हातच घाला, नाहीतर कुबट होतात." मी दोघांच्याही मधला मार्ग काढायचं कटाक्षाने टाळलं. तेवढ्यात कोणीतरी तक्रार केली आणि नगरपालिकेचा प्राणी विभागाचा निरीक्षक फॉर्म घेऊन दारात आला. घरात वन्य पक्षी बाळगल्याचा तो फॉर्म होता. मी त्याला दोरीपाशी नेलं. त्याने पिसं चाचपली, खोटा आहे हे मान्य केलं, पण फॉर्म एकदा उघडला की भरावाच लागतो असं म्हणाला. त्यात रकाना होता, पक्षी जिवंत की मृत. पेन हातात धरून तो घुटमळला. या विषयात माझा अधिकार असल्यामुळे मी त्याला सुचवलं की 'नोंद उपलब्ध नाही' असं लिहा. त्याने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि तसं लिहिलं.

हेडमास्तरांपासून तर काही लपलंच नाही, कारण मी सकाळी गच्चीवर सराव करायचो. ते पाणी घालायला वर येत आणि कुंड्या सोडून मला बघत बसत. "तुम्ही कोंबडीसारखे चालताय," ते म्हणाले. "करकोचा घाई करत नाही. एक पाय उचलतो, विचार करतो, मग ठेवतो." मी एक पाय उचलला, विचार केला आणि पाण्याच्या टाकीवर आदळलो. "विचार लांबला," हेडमास्तर म्हणाले.

दुसऱ्या सामन्यात आनंदाच्या भरात सात फुटी कप्तानाने मला खांद्यावर उचललं आणि माझी चोच बास्केटच्या जाळीत अडकली. शिडी भांडारात, भांडाराची किल्ली भांडारपालाकडे, आणि भांडारपाल चहाला. अठरा मिनिटं मी तिथे लोंबकळत होतो आणि खालून कप्तानाने माझे पाय धरून ठेवले होते. तेवढ्या वेळात समोरचे खेळाडू गार पडले ते पडलेच. आम्ही चौदा गुणांनी जिंकलो. मग बाहेरगावचा सामनाही जिंकलो. मग पुढचा. मेहुणा घरी कॉटवर आनंदाने उड्या मारायचा बेत करी आणि प्लास्टर आठवून थांबे. प्रशिक्षकांनी आता सगळंच ठरवून टाकलं होतं. सामन्याआधी करकोच्याने विरुद्ध प्रशिक्षकांच्या शेजारी जाऊन बसायचं, ते रागावेपर्यंत. बातमी पसरली आणि पुढचे प्रशिक्षक उभ्यानेच सामना बघू लागले.

इकडे दात संपत आले. म्हणजे कारणं. पहिल्यांदा दात भरला, दुसऱ्यांदा मुळाशी गेलो, तिसऱ्यांदा काढला, चौथ्यांदा शेजारचा काढला. दुसऱ्या दिवशी गालात कापूस घालून ऑफिसात बसायचं आणि ओठ मिटून बोलायचं. एका गृहस्थांना मी त्यांच्या जुळ्यांचे दाखले देत होतो. ते म्हणाले, "तुम्हीच जास्त दुःखात दिसता."

आणि चौथ्या सामन्याला गळ्याच्या जाळीतून मला एक बूट दिसला. तपकिरी, टोकाशी झिजलेला, डाव्या नाडीला गाठ. हा बूट मी रोज सकाळी दहाला टेबलाजवळून जाताना बघतो. पहिल्या रांगेत साहेब बसले होते. बसले होते कसले, उभे राहून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवत होते. मी पंखात गोठून गेलो. साहेबांनी माझा पंख ओढून मला शेजारी बसवलं आणि कानाशी, म्हणजे चोचीच्या बाजूला, बोलायला लागले. घरी बोलायला कोणी नव्हतं, बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, तिकडच्या खुर्चीवर ती बसायची. हे सगळं त्यांनी एका पिसांच्या पक्ष्याला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. उत्तर देता येत नव्हतं, म्हणून मी पंख त्यांच्या पाठीवर ठेवला.

पाचव्या सामन्याला ते म्हणाले, "माझ्याकडे एक हेडक्लार्क आहे. बिचाऱ्याचे दात चाललेत. माणूस सोन्यासारखा, पण तोंडावर कधी सांगता येत नाही." पिसांच्या आत माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायची सोय नव्हती. सत्तावीस वर्षांत पहिलं कौतुक, आणि तेही दुसऱ्या कोणाला सांगितलेलं. पुढे साहेब म्हणाले, "वरून तपासणी येतेय. तीस वर्षांच्या नोंदी कुठे आहेत ते त्या एकालाच ठाऊक. त्या दिवशी तो नसला तर मी संपलो. निवृत्तीला चार महिने उरलेत माझे."

तो सामनाही आम्ही जिंकलो. शेवटच्या नऊपैकी आठ. बारावे होतो ते आठवे झालो, आणि प्लेऑफमध्ये गेलो. गाठ पडली पहिल्या नंबरच्या संघाशी, तीनपैकी दोन जिंकणारा पुढे. पहिला सामना त्यांच्याकडे, दुसरा मंगळवारी आमच्याकडे. बरोबरी झालीच तर तिसरा गुरुवारी दुपारी, तोही आमच्याकडे, कारण गुरुवारी त्यांच्या स्टेडियममध्ये फर्निचरचं प्रदर्शन होतं.

तपासणीही गुरुवारी होती.

घरी मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच कोणी सल्ला दिला नाही. मेहुणा मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही ऑफिसला जा भाऊजी. अकरा वर्षं गेली, बारावं जाईल." बायको उठून भांडी घासायला लागली. मला दोघांचाही राग आला. अशा वेळी माणसाने भांडावं, म्हणजे सोपं जातं. मेहुण्याचा घोटा मी मोडला होता, साहेबांची मान माझ्या हातात होती, आणि गुरुवार एकच होता.

उपाय उरला एकच. करकोच्यांनी हरलं पाहिजे.

पहिला सामना ते एकतीस गुणांनी हरले. टीव्हीसमोर मेहुणा हळहळला आणि मी खिन्न चेहऱ्याने दोन वेळा वाढून घेतलं. मंगळवारी दुपारी ऑफिसातून निघताना कारण सांगायला गेलो, तर साहेब स्वतःच घाईघाईने फायली आवरत होते. म्हणाले, "जा जा, जबडा सांभाळा. गुरुवारी मात्र या हो." पुढे आम्ही दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच ठिकाणी गेलो.

असा सामना मी पाहिला नाही. तसाही मी बहुतेक बूटच पाहात होतो, पण बुटांवरूनही कळत होतं. पोरं जिवावर उदार होऊन खेळत होती. शेवटचे चार सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि त्यांच्या खेळाडूला दोन मोकळ्या फेकी मिळाल्या. दोन्ही आत गेल्या की ते जिंकले, आमचा सीझन संपला. अशा वेळी करकोच्याचं काम बास्केटमागे उभं राहून पंख फडफडवायचे आणि फेकणाऱ्याचं लक्ष उडवायचं. सगळं स्टेडियम पाय आपटत होतं.

मी ठरवलं, फडफडायचं नाही. गुरुवार आठवला आणि पंख खाली घेऊन, एक पाय वर करून, जन्मात पहिल्यांदा हेडमास्तरांना हवा तसा स्तब्ध उभा राहिलो.

तो खेळाडू सीझनभर फडफडणारे पक्षी बघत आलेला. न हलणारा पक्षी त्याने पाहिलाच नव्हता. तो चेंडू आपटायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा आपटायचा. शेवटी त्याने पंचांना विचारलं, "त्याला काही झालंय का?" आणि पहिली फेक त्याने फळीलाही न लागेल अशी टाकली. दुसरी कशीबशी आत गेली. बरोबरी. जादा पाच मिनिटं. आमचे प्रशिक्षक गुडघ्यांवर बसून माझ्याकडे हात जोडत होते. मी हरायला मदत करायला गेलो तर तीही मला जमली नव्हती.

जादा वेळ संपत आली तेव्हा पुन्हा आम्ही एकाने पुढे, पुन्हा तोच खेळाडू, पुन्हा दोन फेकी. मी बास्केटमागे गेलो. जाळीतून कप्तानाचे बूट दिसले. थकून त्याचे पाय थरथरत होते. पलीकडे तो तपकिरी बूट दिसला, शेजारच्या रिकाम्या खुर्चीला अगदी चिकटून. तीन हजार माणसांत यांनी हरावं असं वाटणारा मी एकटा होतो, आणि मला माझी लाज वाटली. सरळ सांगतो, गुरुवार गेला खड्ड्यात असं मला वाटलं. मी दोन्ही पंख पसरले आणि जिवाच्या आकांताने फडफडलो. पिसं उडाली, डोकं तिरपं झालं, एक पंख खांद्यातून निसटून पंचांवर पडला.

ओळखीचं दृश्य बघून त्या खेळाडूला हायसं वाटलं. तो हसला आणि त्याने दोन्ही फेकी आरामात आत टाकल्या.

हरलो. एका गुणाने. खेळाडूंच्या मागोमाग मीही त्यांच्या खोलीत ढकलला गेलो. बारा धिप्पाड माणसं माना खाली घालून बसली होती आणि प्रशिक्षक भिंतीकडे तोंड करून उभे होते. कोणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. त्या शांततेत कोणीतरी अगदी स्पष्ट म्हणालं, "सुटलो बाबा एकदाचे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं की मीच बोललो होतो.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी डोकं काढलं. दोन महिने आपल्याला खांद्यावर उचलून घ्यायला सोपा जाणारा पक्षी म्हणजे टक्कल पडलेला, चष्म्याचे वळ उठलेला पन्नाशीचा गृहस्थ आहे हे बघून कप्तान ताडकन उठला आणि बाक पुसत म्हणाला, "काका, बसा ना." त्या आवारात मला 'बसा' म्हणणारा तो पहिलाच. मी बसलो आणि कपाटापासून सगळं सांगून टाकलं. मेहुण्याचं, साहेबांचं, गुरुवारचं. फक्त स्तब्ध उभं राहण्याचं सांगितलं नाही. तेवढं काय मी घरीही सांगितलेलं नाही.

मग कोपऱ्यातला एकजण हळूच म्हणाला, "माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस आहे शुक्रवारी." दुसरा म्हणाला, "माझा गुडघा तर कधीच गेलाय, सांगायची सोय नव्हती." तिसऱ्याने नुसता बूट काढून सुजलेला पाय दाखवला. प्रशिक्षक वळले. आता हे काय करतील म्हणून मी डोकं पोटाशी घट्ट धरलं. त्यांनी खिशातून हजेरीचा कागद काढला, भिंतीवर ठेवून शेवटच्या रकान्यात सही केली आणि माझ्या हातात दिला. "करकोचा सगळ्या सामन्यांना हजर होता," ते म्हणाले, "यात खोटं काय आहे?" मग बाकावर माझ्या शेजारी बसले, पाय लांब केले आणि त्यांनी असा सुस्कारा सोडला की समोरचा टॉवेल हलला.

घरी मेहुणा टीव्ही बंद करून बसला होता. मी कागद त्याच्या प्लास्टरवर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला आणि लहान मुलासारखा रडला. बायको म्हणाली, "शेवटचे पंख छान हलवलेत." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण अशा आवाजात ती माझ्याशी क्वचितच बोलते.

गुरुवारी तपासणी झाली. अधिकारी रजिस्टरं मागत होते आणि मी काढून देत होतो. एकोणीस वर्षांपूर्वीचं, सव्वीस वर्षांपूर्वीचं, पुरात भिजलेलं. साडेचारला त्यांनी शेरा लिहिला, 'नोंदी समाधानकारक', आणि ते गेले. साहेब माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर येऊन बसले. त्या खुर्चीवर ते कधी बसत नाहीत. घड्याळाकडे बघत म्हणाले, "आत्ता सामना चालू असता."

"हो का?" मी म्हणालो.

त्यांनी मागे वळून पाहिलं. ऑफिस रिकामं झालं होतं. मग टेबलावर वाकून, अगदी कानाशी येऊन ते म्हणाले, "कोणाला सांगू नका, पण मंगळवारी त्यांची ती शेवटची फेक आत गेली ना, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. आज सामना असता तर इथे बसून मी काय करतोय हे मलाच कळलं नसतं." आणि एवढं बोलून साहेब चक्क हसले.

माझा हात पुढे गेला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला गेला. त्यांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तो हात तसाच राहू दिला. ऑफिस सुटायला अजून अर्धा तास होता. आम्ही दोघं तिथेच, काहीही न करता बसून राहिलो.